तुम्ही विचारलंत म्हणून: देवाचा अनुभव येतो ना, मग पुस्तक कशाला?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. ख्रिस्ती नसलेले मित्र विचारतात की बायबल हे इतकं जुनं, हाताने कॉपी होत आलेलं पुस्तक, त्याच्या भरवशावर आयुष्य कसं काढता. आणि आमच्या मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, काही जण जरा आवाज खाली करून विचारतात की प्रार्थनेत देव भेटतोच ना, मग सारखं आपलं वचन वचन, म्हणजे बायबल बायबल, काय? या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण खरी गोम तिथे आहे.

अनुभव खोटा असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण माझं मन मला चांगलं माहितीये, झोप नीट झाली की देव जवळ वाटतो, डोकं ठणकत असलं की कुठेच वाटत नाही, आणि देव तर दोन्ही दिवशी तोच असतो ना. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे नुसत्या फीलिंगवर राहिले की माझा येशू हळूहळू माझ्यासारखाच व्हायला लागतो, मला जे पटतं तेच त्याला पटतं आणि ज्यांचं तोंड मला बघायचं नाहीये त्यांच्याबद्दल त्याचंही मत वाईटच. ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ हे मला माझ्या कुठल्याही प्रार्थनेत आपोआप सुचलं नसतं, खरं सांगते. ते मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, पाचव्या अध्यायात लिहून ठेवलंय म्हणून मला त्याला बगल देता येत नाही.

मुळात ख्रिस्ती विश्वास काहीतरी घडलंय यावर उभा आहे. डोळे मिटून बसले तर मला शांत वाटेल, पण पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या काळात एका माणसाला वधस्तंभावर खिळलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची कबर रिकामी सापडली, हे आतून कसं कळणार? ते कुणीतरी सांगावंच लागतं. पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाने करिंथ शहरातल्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इसवी सन ५४-५५ मध्ये, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेला पंचवीसेक वर्षंच झाली होती, आणि पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, पेत्र या शिष्याला दिसला, बारा शिष्यांना दिसला, मग पाचशेपेक्षा जास्त जणांना एकाच वेळी दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. ज्याला थाप मारायची आहे तो ‘साक्षीदार अजून जिवंत आहेत’ असं कशाला सांगेल?

आणि साक्षीदार तरी कसे, बघा. लूकच्या शुभवर्तमानात चोविसाव्या अध्यायात बायका कबरेवरून येऊन सांगतात आणि प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, ती वायफळ बडबड वाटते, विश्वासच ठेवत नाहीत. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं हे चारही शुभवर्तमानांत आहे, आणि हाच पेत्र पुढे मंडळीचा मोठा पुढारी. स्वतःच्या पुढाऱ्यांची अब्रू झाकायची असती तर हे कधीच गाळलं असतं.

आता कॉपीचा मुद्दा. लोकांना वाटतं हे कानगोष्टींच्या खेळासारखं आहे, पहिला एक बोलला आणि शेवटच्यापर्यंत भलतंच काही पोचलं. पण त्या खेळात मधल्या कुणाला विचारायची सोय नसते, इथे मधल्यांच्या प्रतीसुद्धा हातात आहेत, नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागाची, ग्रीक हस्तलिखितंच पाच हजारांच्या वर आहेत, त्यामुळे कुठे कोण घसरला ते शेजारी शेजारी ठेवून दिसतं. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत पपायरसचा एक तुकडा आहे, साधारण ९ बाय ६ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातल्या येशू-पिलात संवादाच्या तुटक ओळी आहेत. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात, काही जण थोडा पुढचा. जुन्या कराराचं, म्हणजे येशूच्या आधीच्या हिब्रू भागाचं, म्हणाल तर १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची अख्खी गुंडाळी सापडली, तोवर अभ्यासकांकडे असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा जवळजवळ हजार वर्षं जुनी. फरक निघाले, नाही असं नाही, पुष्कळसे स्पेलिंगचे, काही शब्दांचे, पण यशया तोच होता.

फरक लपवून ठेवलेत असंही नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय उघडा, आठव्या वचनानंतरच्या (वचन म्हणजे इथे क्रमांक दिलेलं वाक्य) भागाला बऱ्याच आवृत्त्यांत कंस किंवा तळटीप असते, कारण सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत तो भाग नाहीये. योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही सगळ्यात जुन्या प्रतींत सापडत नाही. काही विश्वासणाऱ्यांना ही टीप वाचून धक्का बसतो. मला उलट बरं वाटतं, छापणाऱ्याने मला लहान मूल समजून काही झाकून ठेवलं नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, जी आपले काही उत्साही वक्ते सांगत नाहीत. हस्तलिखितांनी फार तर एवढंच ठरतं की लिहिलेलं आपल्यापर्यंत नीट पोचलं. लिहिलेलं खरं आहे का, हा प्रश्न तसाच उरतो. ‘बायबल खरं, कारण बायबलच तसं म्हणतं’ हे उत्तर मी कुणाला देत नाही. माझं असं झालं की शुभवर्तमानं मी आधी इतर जुन्या कागदपत्रांसारखीच वाचली आणि वाचता वाचता येशूवर भरवसा बसला, मग तो स्वतः शास्त्राकडे, म्हणजे त्याच्या काळच्या पवित्र लिखाणाकडे, कसा बघतो ते दिसायला लागलं. अरण्यात सैतानाने परीक्षा घेतली तेव्हा तो देवाचा पुत्र असूनही स्वतःचं काही नवीन बोलत नाही, तीनही वेळा ‘असा शास्त्रलेख आहे’ म्हणून जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलंच उत्तर देतो. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, आणि टेकायला त्याने वचनच घेतलं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि त्याने ज्याच्यावर ठेवला ते बाजूला सारायचं, हे मला जमत नाही.

याचा अर्थ सगळं पचलंय असा नाही. जुन्या करारातल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या कत्तली वाचताना मला आजही त्रास होतो आणि त्याची दोन ओळींत उत्तरं देणाऱ्यांचा जास्त. पण हेच शास्त्र त्रासाला जागा देतं हेही खरं, बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडा, माणूस देवाला रात्रंदिवस हाक मारतोय आणि शेवट होतो तो अंधारावर, पुढे आशेची एकसुद्धा ओळ नाही. ज्या दिवशी मला काहीच जाणवत नाही त्या दिवशी मी हेच स्तोत्र मोठ्याने वाचते. प्रार्थनेचे शब्द तरी मिळतात.

मंडळीत विचारणाऱ्यांना म्हणून मी बिरुया या गावातल्या लोकांकडे बोट दाखवते. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल त्यांना उपदेश करतो आणि ते आनंदाने ऐकून घेतात, वर पौल म्हणतोय ते तसंच आहे का हे रोज शास्त्र उघडून बघतात, आणि याबद्दल त्यांचं कौतुक केलंय. प्रत्यक्ष पौलाला चेक केलं तर चालतं, मग आपल्या पाळकांना, म्हणजे पाद्रींना, का नाही, आणि ‘देवाने मला सांगितलं’ म्हणून कुणी आपल्यावर काही लादायला लागला तर त्याला तर नक्कीच.

आणि मित्रांनो, तुम्हाला खरंच वाचून बघायचं असेल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या लेवीय या पुस्तकापर्यंत पोचून बरेच जण सोडून देतात. लूक घ्या. सुरुवातीच्याच चार वचनांत तो सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन क्रमवार लिहितोय. मग शोध नीट घेतलाय की नाही ते तुम्हीच बघा, आणि जिथे अडाल तिथे मला विचारा.