तुम्ही विचारलंत म्हणून: मिथेन खाणारे जिवाणू आहेत, मग काळजी कशाची?

नागपुरात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न वर्गात तर येतोच. शेजारचे काका विचारतात, मौद्याकडे धानाच्या शेतावर गेलं की तिथेही कुणीतरी विचारतं. "मॅडम, ते गॅस खाऊन टाकतात ना, मग टेन्शन कायचं?" उत्तर ध्रुवाकडची गोठलेली जमीन वितळतेय आणि तिच्यातून मिथेन निघतोय, हे बातम्यांत वाचलेलं असतं. त्याच मातीत मिथेनवर जगणारे जिवाणूही असतात, हे बहुतेकांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग एकातून दुसरं वजा होईल असं वाटणं साहजिकच. पण ते पूर्ण वजा होत नाही, आणि का होत नाही हे मला नीट सांगावंसं वाटतं.

आधी या जिवाणूंबद्दल, कारण त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. मिथेनोट्रॉफ म्हणतात त्यांना. १९०६ साली नेदरलँड्समधल्या सोनगेन यांनी ते पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. मिथेनचा रेणू भारी चिवट. कारखान्यात त्याला फोडायचं तर शेकडो अंश तापमान लागतं. हे जिवाणू तेच काम साध्या चिखलात करतात. त्यांच्याकडे एक एन्झाइम असतं, बहुतेकांच्यात तांब्यावर चालणारं. ते मिथेनचं मिथेनॉल करतं. पुढे त्यातला काही कार्बन जिवाणूच्या अंगी लागतो आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. म्हणजे खाल्लेला गॅस नाहीसा होत नाही, पण २० वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट जास्त तापवणाऱ्या वायूचा त्याहून सौम्य वायू होतो. हे काही थोडं नाही.

पण त्या पहिल्याच पायरीला ऑक्सिजन लागतो. प्रयोगशाळेत आम्ही रबरी बुचाच्या बाटलीत थोडा गाळ, क्षारांचं पाणी आणि वरच्या मोकळ्या जागेत हवा नि मिथेन भरून ठेवतो. खायला दुसरं काही दिलेलं नसतं. हळूहळू पाणी गढूळ होतं, काठाला पातळ पापुद्रा धरतो, आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात, मिथेनचं टोक दर खेपेला बुटकं होत जातं. मग एका टप्प्यावर ते तिथल्या तिथे थांबतं. मिथेन शिल्लक असतो, जिवाणूही जिवंत असतात. बाटलीतला ऑक्सिजन तेवढा संपलेला असतो. हवा भरली की काम पुन्हा सुरू. (ऑक्सिजनशिवाय, नायट्रेट-नायट्राइट किंवा सल्फेटच्या आधारानं मिथेन संपवणारे सूक्ष्मजीवही आहेत. समुद्रतळाच्या गाळात सल्फेटवाल्यांचं राज्य आहे. पण गोठलेल्या जमिनीवरच्या दलदलीत मुख्य भार या हवेवर चालणाऱ्यांवरच असतो.)

हे पाहायला सैबेरियाला जावं लागत नाही. पोळ्यानंतर मौद्याकडच्या पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरा. काठी चिखलात खुपसली की बुडबुडे येतात. त्यात मिथेन असतो, खाली हवेविना जगणाऱ्या मिथेनोजेन नावाच्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेला. चिखलाचा गोळा अलगद उचलून आडवा कापला तर आतून तो काळा-राखाडी निघतो, आणि अगदी वर, पाण्याला लागून, काही मिलिमीटरांचा तपकिरी थर दिसतो. तेवढ्यातच ऑक्सिजन पोचतो. आपल्या जिवाणूंचा ठिय्या तिथेच. धानाचं एखादं रोप मुळासकट उपटून धुतलं तर मुळांवर तांबूस गंजासारखा लेप असतो. रोप आतल्या पोकळ वाटांनी हवा खाली नेतं, मुळांतून थोडी झिरपते, तिथलं लोह गंजतं. त्या लेपाच्या आसपासही मिथेन खाणारे दाटीनं राहतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आपल्याच भातशेतांतून असे जिवाणू वेगळे केले गेले आहेत. त्यातल्या एकाच्या पेशी काकडीच्या आकाराच्या, म्हणून त्याचं नावच मेथायलोक्युक्युमिस.

म्हणजे हा तपकिरी थर एक नाका आहे. खालून सावकाश झिरपत येणारा मिथेन इथे अडतो, आणि काही जागी त्याचा नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा इथेच खाल्ला जातो. पण बुडबुडा झाला की तो नाक्यावर थांबत नाही, सरळ वर जातो. आणि ज्या पोकळ वाटेनं रोप हवा खाली नेतं, त्याच वाटेनं मिथेनही बाहेर सटकतो.

आता हेच चित्र उत्तरेला न्या. पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग किमान दोन वर्षं शून्याखाली राहिलेली जमीन. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ती हजारो वर्षं गोठलेली आहे. तिच्यात मेलेल्या झाडापाल्याचा जवळपास दीड लाख कोटी टन कार्बन अडकलेला आहे, आजच्या वातावरणातल्या कार्बनच्या साधारण दुप्पट. ती वितळली की सूक्ष्मजीवांना तो खायला मिळतो. पुढे काय होणार, हे पाणी कुठे जातं यावर ठरतं.

पाणी निचरून गेलं, माती कोरडी राहिली, तर हवा आत शिरते. तिथे कार्बन मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि मिथेन खाणारे जोरात असतात. काही तर इतके काटकसरी, की हवेतल्या मिथेनवर भागवतात. आणि हवेत मिथेन असतो दहा लाखांत जेमतेम दोन भाग! नॉर्वेतल्या ट्रोम्सोजवळच्या एका बंद झालेल्या कचरा डेपोच्या मातीत असा जिवाणू सापडला, मेथायलोकॅप्सा गोर्गोना, त्याची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या ॲक्सल हायबर्ग बेटावरची कोरडी मातीही हवेतून मिथेन ओढते, हे मोजून पाहिलेलं आहे.

पण जमिनीतलं बर्फ विरघळलं की जमीन खचते, आणि खचलेल्या जागी पाणी साचतं. स्वीडनच्या उत्तरेला आबिस्कोजवळ स्टोर्डालेन नावाची दलदल आहे, तिथे हे अनेक वर्षं पाहिलं जातंय. उंच, कोरडे, आतून गोठलेले उंचवटे खचून आधी शेवाळी दलदल होते आणि मग गवताळ पाणथळ. या क्रमानं मिथेन वाढत जातो. पाणथळात वाढणारी ती गवतं आपल्या धानासारखीच आतून पोकळ. त्यात ऊब वाढली की मिथेन तयार होण्याचा वेग बहुतेक प्रयोगांत खाण्याच्या वेगापेक्षा जास्त चढतो. अलास्का आणि सैबेरियात खचलेल्या जमिनीवर तळी झाली आहेत. त्यांच्या तळातून बुडबुडे क्षणात वर येतात, हिवाळ्यात गोठलेल्या पृष्ठभागाखाली पांढऱ्या चकत्यांसारखे अडकून राहतात. संशोधक बर्फाला भोक पाडून काडी लावतात तेव्हा माणसापेक्षा उंच ज्वाळ उठते. त्या वाटेनं निघालेल्या गॅसपुढे कितीही भुकेला जिवाणू असून उपयोग नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आपणच नेऊन सोडले तर?" नेण्याची गरज नाही, ते तिथे आहेतच. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या ओल्या मातीतून मेथायलोबॅक्टर या मिथेनोट्रॉफची एक जात मिळाली आहे, आणि ईशान्य सैबेरियाच्या हजारो वर्षं गोठलेल्या गाळातूनही जिवंत मिथेनोट्रॉफ मिळाले आहेत. कमतरता जिवाणूंची नाही, हवेशी लागून असलेल्या मातीची आहे, आणि लाखो चौरस किलोमीटर दलदलीचा निचरा कुणी करू शकत नाही. "निसर्ग आपोआप सावरून घेतो" हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. हे जिवाणू आपल्या वाटचं काम आजही करताहेत, आपण रोज आणखी उष्णता पाठवतो आहोत.

जिथे पाणी आणि हवा आपल्या हातात आहेत तिथे मात्र या जिवाणूंना खरंच मदत करता येते. बांधीतलं पाणी मधूनमधून उतरू दिलं, जमिनीला हवा लागू दिली आणि मग पुन्हा भरलं, तर मिथेन तिसऱ्या हिश्शानं, कधी निम्म्यानंही कमी होतो. फुटवे फुटताना हे जमतं, फुलोऱ्यात पाणी तोडायचं नाही. कचऱ्याच्या ढिगावर कंपोस्टचा भुसभुशीत थर दिला तर तोच मिथेन खाणाऱ्यांचं घर होतो. परदेशात हे जुन्या डेपोंवर केलं जातं. आपल्याकडे नागपुरात भांडेवाडीचा कचरा डेपो आहे. माझ्या दोन विद्यार्थिनींनी यंदा प्रकल्पासाठी कचऱ्यावरच्या मातीचाच विषय घेतलाय. कोणत्या खोलीवर कोण राहतं आणि उन्हाळ्यात ४५ अंशांवर माती कोरडी ठाक पडल्यावर त्यांच्यातलं कोण टिकतं, हे त्यांना पाहायचंय.