तिसरा मजला, लिफ्ट नाही

बाबांनी १९७९ मध्ये मुलुंड पूर्वेला घेतलेलं घर विकायचं ठरलं ते आईच्या गुडघ्यांमुळे. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. भाजी घेऊन वर येताना आई प्रत्येक मजल्यावर पिशवी खाली ठेवून थांबायची. शेवटी ठाण्याला माझ्याकडे यायला ती तयार झाली आणि २०२४ च्या मे महिन्यात आम्ही घर विकायला काढलं. ब्रोकर म्हणाला, "स्टेशन चालत, शाळा जवळ, बाजार जवळ. असं घर पडून राहत नाही ताई. दिवाळीच्या आत सौदा."

माणसं खरंच आली. रविवारी तर एक पार्टी जिना उतरतेय तोवर दुसरी चढतेय, असं चालायचं. आई सकाळपासून ओटा पुसायची, पडदे बदलायची. येणाऱ्याला पाणी तर ती द्यायचीच, वर कोकम सरबत. बहुतेकांना घर आवडायचं. हवा छान येते, स्वयंपाकघर मोठं आहे, खिडकीतून झाड दिसतं, सगळं बोलून व्हायचं. मग कोणीतरी म्हातारी आई किंवा सासरे दम खात सोफ्यावर बसलेले असायचे, आणि निघताना ठरलेलं वाक्य यायचं, "घरी बोलून सांगतो." ज्या जिन्यामुळे आम्ही घर विकत होतो, त्याच जिन्यापाशी गिऱ्हाईक परत फिरत होतं.

सगळेच काही घेणारे नव्हते. काहींचं स्वतःचं डोंबिवलीचं, कल्याणचं घर आधी विकायचं होतं. काही जण टेप घेऊन यायचे, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मोजायचे आणि मग समोरच्या नव्या टॉवरचा भाव सांगून घासाघीस करायचे. गुंतवणूकदार तर खोल्या बघायचेही नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, "रीडेव्हलपमेंटला किती सभासदांची संमती झाली? कॉर्पस किती ठरलाय?" कॉर्पस म्हणजे बिल्डर सभासदांना देतो ती रक्कम. आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची नुसती चर्चा होती, आणि आम्ही तेच सांगायचो. आई एकदा म्हणाली, "माझ्या घरात येऊन माणसं घर पाडायचंच बोलतात गं." त्यानंतर दर रविवारी मी स्वतः ठाण्याहून यायला लागले.

पावसाळ्यात गिऱ्हाइकांचं येणं थांबलं. वरच गच्ची, त्यामुळे बेडरूमच्या कोपऱ्यात ओल दिसायची, आणि पितृपक्षात तर कोणी घराचं नावही काढत नाही. दसऱ्याला मात्र एका तरुण जोडप्याने ५१,००० रुपयांचा टोकनचा चेक दिला. आईने पेढे वाटले.

महिन्याभरात ते मोडलं. त्यांच्या बँकेच्या वकिलाने भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागितलं. सोसायटीच्या फाइलमध्ये ते नव्हतं. जुन्या सेक्रेटरींना ते पाहिल्याचं आठवत होतं, पण कागद कोणाकडेच नाही. दुसरी अडचण आणखी मोठी. बँकेच्या मूल्यांकनकाराने इमारतीचं उरलेलं आयुष्य १५ वर्षं लिहिलं, त्यामुळे कर्ज मिळणार तेही १० वर्षांच्याच मुदतीने. तो हप्ता त्या दोघांना झेपणारा नव्हता. ब्रोकरचं म्हणणं होतं की टोकनमधले थोडे पैसे कापून घ्या. आईने ऐकलं नाही. पूर्ण रक्कम परत दिली. मला आजही वाटतं, तिने बरोबर केलं.

तिथून पुढचे काही महिने मी घर दाखवायचं जवळजवळ बंद केलं आणि कागदांच्या मागे लागले. मुंबईत जुनं घर विकणाऱ्यांना मी पोटतिडकीने सांगेन की हे काम जाहिरात देण्याआधी करा, कारण बहुतेक घेणारा कर्जावरच घेतो आणि त्याच्या बँकेचा वकील घर बघायला येत नाही, फाइल बघतो.

ओसीसाठी माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडे अर्ज केला. सोबत सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक, आणि जुन्या मंजूर नकाशाचा क्रमांक दिला होता. ओसीची साक्षांकित प्रत मिळाली, ती हातात आली तेव्हा मला रडूच आलं. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं. आमचं झालेलं होतं, इमारत 'सी-२बी' गटात होती, म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती करायची. दुरुस्तीही झाली होती, पण ती पूर्ण झाल्याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र कोणी घेतलेलं नव्हतं. ते घेतलं. बाबांचा करारनामा पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर होता, त्याला बघणारे घाबरायचे. पण अशा करारनाम्यांवर पूर्ण मुद्रांक शुल्क सुरू झालं ते १० डिसेंबर १९८५ पासून. आमचा त्याआधीचा. वकिलांकडून हे एका पानावर लिहून घेतलं आणि फाइलमध्ये पहिलं लावलं.

मग वारसांचा विषय. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. नॉमिनेशन आईच्या नावे होतं, शेअर सर्टिफिकेटही आईच्या नावावर झालं होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू वारसा कायद्याने आई, दादा, ताई आणि मी, चौघांचा सारखा हिस्सा. ब्रोकर सहज बोलून गेला, "तुम्ही दोघी बहिणी हक्कसोडपत्र करून द्या, पेपर सोपे होतील." हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की मुली विचार न करता सही करून मोकळ्या होतात. जिला मनापासून सोडायचं आहे तिने जरूर सोडावं. पण कागद सोपे व्हावेत म्हणून बहिणीने आपला हिस्सा सोडायचा, हे मला मान्य नाही. वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, गरजच नाही, चौघेही विक्रेते म्हणून सही करा. नाशिकहून ताईचा फोनवर आवाज भरून आला होता. दादा बेंगळुरूहून एवढंच म्हणाला, "मग यात विचारायचं काय होतं?"

किंमत दादाने शोधली. आम्ही १ कोटी २५ लाख सांगत होतो, तो आकडा आजूबाजूच्या जाहिरातींवरून आलेला. दादाने नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये आमच्याच गल्लीतल्या व्यवहारांचे इंडेक्स-दोन काढले. त्यात घर प्रत्यक्षात कितीला नोंदलं गेलं ते दिसतं. बिनलिफ्टच्या इमारतींतली घरं जाहिरातीतल्या भावाच्या बरीच खाली गेली होती. आईला ते पचायला जड गेलं. तिच्या हिशेबात बाबांनी काढलेलं कर्ज, तिने मोडलेल्या बांगड्या, सगळं धरलेलं होतं. त्यावर आम्ही वाद घातला नाही. चार-पाच दिवसांनी तीच म्हणाली, "एक दहा सांगा."

गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा दाखवायला सुरुवात केली. या वेळी माणसं कमी आली. ब्रोकरला मी आधीच सांगितलं होतं की फोनवरच तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ४३० चौरस फूट आणि किंमत सांगायची, त्यानंतर ज्यांना यायचं त्यांनी यावं. त्यात जवळच भाड्याने राहणारं एक कुटुंब आलं. ती नर्स, तो खाजगी कंपनीत, मुलगी इथल्याच शाळेत. जिना त्यांना नवा नव्हता, राहत होते तीही बिनलिफ्टचीच इमारत. त्याने फाइल घरी न्यायला मागितली आणि दोन दिवसांनी फोन आला, "वकिलांनी पाहिली. सगळं आहे." १ कोटी ८ लाखांवर ठरलं.

घर त्यांनी एकट्या तिच्या नावावर घेतलं, नवरा फक्त कर्जात सहकर्जदार. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, म्हणजे सहाऐवजी पाच टक्के. त्यांचे १ लाख ८ हजार वाचले. नोंदणी फी ३०,००० वेगळी. टीडीएस, म्हणजे घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर, एक टक्का, पण विक्रेते चार असल्याने चौघांच्या पॅनवर चार वेगळे फॉर्म भरावे लागले. हे त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या दिवशी धावपळ झाली नाही. सोसायटीच्या कमिटीतल्या एकाने ट्रान्सफरसाठी 'बिल्डिंग फंड' म्हणून मोठी रक्कम मागितली. घर नव्या मालकाच्या नावावर करायला सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही, हे शासनाचं २००१ चं परिपत्रक मी समोर ठेवलं आणि तो विषय तिथेच संपला.

निबंधक कार्यालयात दादा रात्रीच्या गाडीने थेट पोचला. अंगठे, फोटो, सह्या. कर्जाचा चेक हातात आल्यावरच किल्ली दिली. त्या बाबतीत वकील ठाम होते आणि आम्हीही. मुलुंडला वीज महावितरणची, तिथलं नाव बदलायचा अर्ज आणि पाइप गॅसचा अर्ज त्याच दिवशी त्यांच्याकडून सही करून घेतला.

विक्रीच्या नफ्यावरच्या कराचं सीएने दोन्ही प्रकारे काढून दाखवलं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के किंवा न वाढवता १२.५ टक्के, यातलं निवडता येतं. घर १९७९ चं असल्याने खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्य नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घेतलं होतं. आमच्या बाबतीत १२.५ टक्के हलके पडले. भांडवली नफ्याच्या रोख्यांत सहा महिन्यांच्या आत पैसे गुंतवून कर वाचवता आला असता, पण ते पाच वर्षं अडकतात. आई म्हणाली, मला पैसे हाताशी हवेत. तिने तिच्या वाट्याचा कर भरायची रक्कम बाजूला काढली आणि उरलेले पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. दर तीन महिन्यांनी व्याज थेट तिच्या खात्यात येतं, आणि पासबुक भरून आणायला ती ठाण्याच्या पोस्टात स्वतः जाते. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे.