दिवे घाटातली ‘आलंच आता’ची दुपार

पंढरीच्या पायी वारीतले आळंदीचे प्रस्थान, पुण्यातले दोन मुक्काम आणि भवानी पेठेतली दर्शनाची गर्दी हे सारे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. लख्ख आठवते ती एकादशीची दुपार, कारण त्या दिवशी पुणे ते सासवड ही वाटेतली सर्वांत लांब मजल होती, मध्ये दिवे घाट होता आणि पोटात उपवास होता. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. थकव्याचे प्रकरण दर वर्षी शिकवताना स्नायूंतील साखरेचा साठा आणि घामावाटे जाणारे पाणी यांवर माझा बराच वेळ जातो, आणि मेंदूपर्यंत पोहोचेतो तास संपत आलेला असतो.

वडकी नाला गाठण्याआधीच मी वैतागले होते. आदल्या रात्री शेजारच्या राहुटीतला ध्वनिक्षेपक मध्यरात्र उलटली तरी बंद झाला नव्हता आणि पहाटे टँकरपाशी रांग मोडून पुढे घुसणाऱ्या एका गृहस्थांशी माझी चांगलीच खडाजंगी झाली होती. ‘माउली’ म्हणूनच भांडलो, हे विशेष. अशा सकाळीनंतर चाल जड जाते, यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील तुरिन येथे आंजेलो मोस्सो यांनी बोटाने वजन उचलण्याचे काम नोंदवणारे यंत्र वापरून दाखवले होते की, तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचे बोट एरवीपेक्षा लवकर थकते. पुढे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना 90 मिनिटे डोक्याला ताण देणारे काम संगणकावर करायला लावून मग सायकल चालवायला सांगितले, तेव्हा ते नेहमीपेक्षा सुमारे 15 टक्के लवकर थांबले. त्यांचे हृदय आणि स्नायू पूर्वीइतकेच काम करत होते. फक्त तेवढ्याच श्रमाला ते पहिल्यापासून अधिक कष्टाचे म्हणत होते.

घाटाच्या पायथ्याशी उजव्या टाचेचा फोड फुटला. पावसाची एकही सर नव्हती, डांबर तापले होते आणि पुढच्या दिंडीतली धूळ थेट तोंडावर येत होती. फोडाची वेदना कातडीतली. पण राबणाऱ्या स्नायूंतूनही बारीक मज्जातंतू मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे सतत वार्ता धाडत असतात आणि त्या वार्ता वाढल्या की मेंदू स्नायूंना सोडायचे हुकूम आखडते घेतो. ही वार्ता तोडली तर काय होते, तेही पाहून झाले आहे. सायकलपटूंच्या कमरेत मणक्यांमधून फेंटानिल हे वेदनाशामक टोचून पायांकडून येणारे हे संदेश दाबले, तेव्हा ते सुरुवातीला भरधाव सुटले, उत्तरार्धात ढेपाळले, एकूण वेळ काही वाचली नाही आणि शर्यतीनंतर काहींना धड चालताही येईना. म्हणजे ही कुरकुर राखणदाराची आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असल्याने टाच दुखायची काही थांबली नाही.

त्याहून जास्त छळले ते रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या भल्या माणसांनी. घाटमाथा किती राहिला असे विचारले की उत्तर ठरलेले: “आलंच आता, त्या वळणापलीकडं.” ते वळण संपले की दुसरे वळण आणि दुसरे भले माणूस. तिसऱ्यांदा ते ऐकले तेव्हा डोळ्यांत पाणी आले, आणि ते भक्तीचे नव्हते. मेंदू श्रमाची वाटणी करतो ती शेवट कुठे आहे याच्या अंदाजावर. धावपटूंना सरकत्या पट्ट्यावर 10 मिनिटे धावायचे आहे असे सांगून दहाव्या मिनिटाला आणखी 10 मिनिटांची मागणी केली, तेव्हा पट्ट्याचा वेग तोच असूनही त्यांना होणारे कष्ट एकाएकी वाढले. पहिल्यापासून 20 मिनिटे ठाऊक असलेल्यांना त्याच क्षणी तसे काही झाले नाही. घाट लांब आहे असे कुणी सरळ सांगितले असते तर मी बरी चढले असते, असे मला आजही वाटते.

मी कठड्याला टेकले तेव्हा मागच्या दिंडीतल्या एक आजी थांबल्या. डोक्यावर तुळशीवृंदावन, पायांत झिजलेल्या चपला. त्यांनी चौकशी अशी केलीच नाही. कनवटीची पुरचुंडी एका हाताने सोडून खडीसाखरेचा खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “तोंडात धर, चावू नगं. आन पायाकडं बघू नगं बाई, टाळाकडं बघ.” खडा अर्धाही विरघळला नव्हता आणि मी उठले होते. पोटातून रक्तात साखर उतरायला काही मिनिटे तरी लागतात. एवढ्यात ती मांडीपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. सायकलपटूंनी साखरेसारख्या पिष्टाचे पाणी नुसते तोंडात खळखळवून थुंकले तरी तासाभराच्या शर्यतीत ते दोन-तीन टक्के वेगवान होतात, विशेषतः उपाशी असताना, कारण तोंडातल्या संवेदनेनेच मेंदूतील बक्षिसाशी आणि हालचालीशी निगडित भाग जागे होतात. हे सारे मी वर्गात सांगितले आहे. त्या क्षणी मात्र मी आजींच्या पाया पडले, आणि त्याही लगेच माझ्या पाया पडल्या.

मग टाळाकडे पाहत चालले. “ज्ञानोबा माउली तुकाराम” या ठेक्यावर पाऊल पडू लागले की प्रत्येक पाऊल टाकायचे की नाही हा निर्णय आपल्याकडे उरत नाही आणि लक्ष शरीरातून बाहेर जाते. मध्यम श्रमांत लयीमुळे कष्टाची जाणीव खरोखर उतरते. श्रम कमालीचे झाले की शरीराचा आवाज संगीतावर मात करतो. माझा फोड या दोहोंच्या सीमेवर होता. पखवाज थांबला की ठणका, वाजला की गायब. सासवडला आजी दिसल्या नाहीत. त्यांची दिंडी कुठली हेही विचारायचे राहिले.

जेजुरी, वाल्हे, नीरास्नान, लोणंद, फलटण. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण मला माणसांच्या पाठींपलीकडे दिसले नाही.

वेळापूरच्या अलीकडे धावा झाला, म्हणजे पंढरी जवळ आल्याच्या आनंदात वारकऱ्यांनी घेतलेली धाव. सकाळपासून लंगडणारी माणसे, त्यांत मीही, उतारावरून अक्षरशः पळत सुटलो. पायांत काही शिल्लकच नसते तर हे घडते ना. शेवट दृष्टीस पडला की मेंदू राखून ठेवलेले सोडतो, हे लांब पल्ल्याच्या शर्यतीतही दिसते. मात्र उतारावर धावताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. त्यामुळे वाखरीचे रिंगण मी बसून पाहिले, आणि उठताना शेजारच्या माउलींनी दोन्ही हात धरून ओढले. ते दुखणे मात्र निव्वळ मांड्यांचेच होते. तेथे टाळही चालला नाही आणि खडीसाखरही.