लॅप स्टील गिटार: पुस्तक घेण्याआधी ट्युनिंग बघा

लॅप स्टील, म्हणजे आपल्याकडची हवाईयन गिटार, शिकायला घेतली की लोक मिळेल ते पुस्तक आणि दिसेल तो व्हिडिओ सुरू करतात. गोंधळ तिथंच होतो. या गिटारीत बोटानं तार दाबायची नसते, वरून बार, म्हणजे धातूचा दांडा, सरकवायचा असतो. सरळ धरलेला बार सगळ्या तारांवर एकाच फ्रेटला, म्हणजे गळ्यावरच्या एकाच आडव्या पट्टीवर, बसतो. त्यामुळे तारा कोणत्या स्वरांत लावल्यात यावर सगळं ठरतं. एका ट्युनिंगचा धडा दुसऱ्या ट्युनिंगवर वाजवला तर ओळखीची चालही बेसूर वाटते.

म्हणून आधी ट्युनिंग बघा, किंमत नंतर. जाड तारेपासून बारीक तारेकडे मोजलं तर हाय बेस जी म्हणजे जी बी डी जी बी डी आणि लो बेस जी म्हणजे डी जी डी जी बी डी. पेटीवर गाणाऱ्यांसाठी सांगायचं तर पांढरी पाचचा सा धरून पहिलं सा ग प सा ग प, दुसरं प सा प सा ग प. हवाईयन आणि वेस्टर्न स्विंग या अमेरिकन नृत्यसंगीताच्या पुस्तकांत सी सिक्स्थ जास्त भेटतं: पांढरी एकवर सा ग प ध सा ग. भावगीतं, भजनं, सिनेगीतं वाजवायची असतील तर माझं मत सरळ जीच्या बाजूनं आहे.

आता तारांचं. बरेचजण साध्या अकूस्टिक गिटारीच्या नटवर (डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीवर) उंच नट बसवून सुरुवात करतात, ते चांगलंच आहे. पण साध्या संचावर हाय बेस जी लावलं तर सहावी, म्हणजे सगळ्यांत जाड तार (मोजणी बारीक तारेपासून), तीन अर्धस्वर वर चढते आणि तिचा ताण सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. पाचवीचा वाढतो 26 टक्क्यांनी. तार तुटते, किंवा हळूहळू ब्रिज उचलला जातो. लो बेस जीमध्ये एकही तार वर चढत नाही, म्हणून अशा गिटारीला तेच ट्युनिंग शिकवणारं पुस्तक घ्या. सी सिक्स्थला तर संचच वेगळा लागतो.

ऑनलाइन शोधताना ‘स्लाइड गिटार’ टाकलं की बहुतेक बॉटलनेकचे धडे समोर येतात. त्यात गिटार नेहमीसारखी उभी धरतात, बोटात नळी असते आणि मागची बोटं तारा दाबतात. ते आपल्या कामाचं नाही. डोब्रोचे, म्हणजे आडवी ठेवून बारनंच वाजवायच्या रेझोनेटर गिटारीचे, धडे जवळचे आहेत, पण त्यातले झटपट हॅमर-ऑन, पुल-ऑफ (बार तारेवर आपटून किंवा उचलून काढलेले स्वर) खाचेच्या बारवर सोपे जातात. गोल बार तसा उचलता येत नाही. असा गोल बार हवा असेल तर एखाद्या वर्कशॉपमधल्या लेथवर स्टेनलेस स्टीलचा करून घेता येईल: 19 मिमी व्यास, 73 मिमी लांबी, एक टोक गोल, वजन साधारण 160 ग्रॅम. पॉलिश मात्र आरशासारखं हवं. लेथच्या रेघा राहिल्या तर तारेवर खरखर ऐकू येते.

धडा चांगला की नाही हे ओळखायची माझी कसोटी एकच: नको असलेल्या तारा कशा थांबवायच्या हे सुरुवातीलाच शिकवलंय का? उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवणं, बारच्या मागची बोटं तारांवर हलकी ठेवणं, हे जिथं नाही तिथं वाजवणाऱ्याचा आवाज कायम एकमेकांत मिसळलेला राहतो. व्हिडिओत डावा हात वरून दिसायला हवा. बार फ्रेटच्या रेघेच्या बरोबर वर लागतो, साध्या गिटारीच्या बोटासारखा मागे नाही, आणि समोरच्या कॅमेऱ्यातून तो पुढेमागे भासतो.

सिनेगीतांची सरगम दिलेली पुस्तकं स्वस्त आणि मोहात पाडणारी असतात. त्यांत स्वर असतो, जागा नसते. जी ट्युनिंगमध्ये ग दुसऱ्या मोकळ्या तारेवर मिळतो आणि तिसरीच्या चौथ्या फ्रेटलाही. रे-ग अशी मींड हवी असेल तर तिसऱ्या तारेवरचाच ग घ्यावा लागतो, पण पुस्तक ते सांगत नाही. अशी पुस्तकं नंतर घ्या आणि प्रत्येक स्वराखाली पेन्सिलीनं तार व फ्रेट लिहा. टॅब (तारांच्या ओळींवर फ्रेटचे आकडे लिहिलेली लिपी) असेल तर वरची ओळ बारीक तारेची असते. त्यात मात्रा दाखवलेल्या नसतील आणि सोबत ऑडिओही नसेल, तर पैसे घालवू नका.

पंडित ब्रिजभूषण काब्रा, पंडित विश्वमोहन भट्ट यांना जरूर ऐका, पण त्यांचं वादन सुरुवातीचा धडा म्हणून घेऊ नका. भट्ट यांच्या मोहन वीणेला तरफेच्या, म्हणजे न छेडता घुमणाऱ्या, ताराही असतात, तिची रचनाच वेगळी.

पहिले दोन-तीन महिने एकच पुस्तक, ट्युनर आणि पांढरी पाचचा तानपुरा पुरे. ट्युनरवर ग बरोबर लावून झाला की तो 14 सेंटनं (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरवा, तानपुऱ्याशी नीट जुळेल. मग तिसऱ्या तारेवर 0, 2, 4, 5, 7, 9, 11, 12 या फ्रेटवर बिलावलचा आरोह संथ वाजवा. गाण्याच्या क्लासमधले पलटे वहीत असतील तर तेही याच तारेवर बसतात.