प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ मॅडमसाठी पुरस्काराचा प्रस्ताव लिहिताना

विद्यापीठाच्या वार्षिक पुरस्कारांचं परिपत्रक आलं की आमच्या विभागात चर्चा होते ती संशोधन आणि अध्यापन पुरस्कारांची. विद्यार्थ्यांच्या गटातही चुरस असते, कारण प्रत्येक मार्गदर्शकाला आपला विद्यार्थी पुढे यावा असं वाटतं. कर्मचाऱ्यांच्या गटात मात्र मोजकेच प्रस्ताव जातात. प्राध्यापकांना स्वतःच्या कामाबद्दल लिहायची सवय असते, कर्मचाऱ्यांसाठी कुणीतरी मुद्दाम वेळ काढून लिहावं लागतं. त्या वर्षी आमच्या एनएमआर प्रयोगशाळेतल्या, म्हणजे प्रबळ चुंबकाच्या मदतीने रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ मॅडमसाठी ते मी करायचं ठरवलं.

नियमाप्रमाणे आधी त्यांची संमती हवी होती. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सर, माझं काय लिहिणार? मी मशीन सांभाळते, तेवढंच." हे त्या विनयाने म्हणत नव्हत्या, त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

मशीन सांभाळणं म्हणजे काय, ते सांगतो. एनएमआर यंत्राचा अतिवाहक चुंबक, म्हणजे ज्याच्या तारांतून वीज विनाअडथळा वाहते असा चुंबक, द्रव हेलियममध्ये, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडालेला असतो. त्याभोवती द्रव नायट्रोजनचं कवच असतं, ते उणे १९६ अंशांवर. दोन्ही द्रव सतत थोडे थोडे उडून जातात आणि वेळच्या वेळी भरावे लागतात. हेलियमची पातळी फार खाली गेली तर चुंबकाची अतिवाहकता संपते, त्यात साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि उरलंसुरलं हेलियम बघता बघता वायू होऊन निघून जातं. यंत्र बंद पडतं आणि कित्येकांचे प्रबंध रखडतात. मॅडमच्या हाताखाली हे कधीही घडलं नाही. पण न घडलेली गोष्ट प्रपत्रातल्या कोणत्या रकान्यात लिहायची? रकाने होते प्रकाशनं, परिषदा, प्रशिक्षण आणि 'विशेष उल्लेखनीय कार्य' यांचे. मर्यादा दोन पानांची.

उत्तर सापडलं त्यांच्या नोंदवहीत. जाड पुठ्ठ्याच्या वह्या, कोपरे झिजलेले, प्रत्येक पानावर त्यांचं बारीक, सरळ अक्षर. तारीख, हेलियमची टक्केवारी, नायट्रोजन भरलं की नाही, आणि शेवटी शेरा. 'प्रोबमध्ये नळी तुटली. तुकडे काढले. पुन्हा शिमिंग. विद्यार्थ्याला नळी तपासून घालायला शिकवलं.' प्रोब म्हणजे यंत्रात नमुन्याची काचेची नळी जिथे जाते तो भाग, आणि शिमिंग म्हणजे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकसारखं करणं. यंत्राची काळजी आणि मुलांचं शिक्षण एकाच ओळीत होतं. त्या वह्यांतल्या काही पानांच्या प्रती मी पुरावा म्हणून जोडल्या. मग ग्रंथालयात बसून विभागाचे पीएचडी प्रबंध काढले आणि फक्त ऋणनिर्देश वाचत गेलो. प्रबंधामागून प्रबंधात त्यांचं नाव होतं. काहींनी त्यांनी नेमकी कोणती अडचण सोडवली तेही लिहिलं होतं. हे सगळं आधीपासून छापलेलं होतं, कुणी एकत्र केलं नव्हतं इतकंच.

सगळ्यात जास्त वेळ शिफारसपत्रांनी घेतला. माजी विद्यार्थ्यांनी पत्रं आनंदाने पाठवली, पण बहुतेकांत 'मेहनती', 'मनमिळाऊ', 'सदैव मदतीला तत्पर' असंच होतं. मजकूर प्रेमाने लिहिलेला होता, पण निवड समितीला त्यावरून काही ठरवता येत नाही. २००३ मध्ये ट्रिक्स आणि सेन्का या दोन अभ्यासकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदाच्या उमेदवारांसाठी आलेली ३०० हून अधिक शिफारसपत्रं त्यांनी तपासली होती. स्त्रियांसाठीची पत्रं तुलनेने आखूड होती आणि त्यांत कष्टाळूपणाचं कौतुक जास्त होतं. तेच माझ्यासमोर घडत होतं. मी प्रत्येकाला परत लिहिलं: मॅडम नसत्या तर तुमचा कोणता प्रयोग अडला असता? त्यांनी नेमकं काय केलं? या दोन प्रश्नांनी पत्रं पार बदलली. एकीने लिहिलं की तिच्या संयुगाचा चुकीचा वाटणारा संकेत द्रावकातल्या पाण्यामुळे येतोय हे मॅडमनी ओळखलं, आणि तिचा पूर्ण निष्कर्ष त्यामुळे बदलला. असं वाक्य समिती विसरत नाही.

कागदावर नाव येण्यासाठी कुणीतरी आग्रह धरावा लागतो, हे मोठ्या पुरस्कारांतही दिसतं. १९०३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी फ्रेंच अकादमीच्या सदस्यांनी पाठवलेल्या शिफारशीत बेकरेल आणि पिएर क्युरी यांची नावं होती, मारी क्युरींचं नव्हतं. स्वीडनमधले गणितज्ञ मिट्टाग-लेफ्लर यांनी हे पिएरना कळवलं. विचार व्हायचा तर दोघांचा मिळून व्हावा, असं पिएरनी कळवलं आणि तसंच झालं. उलट अणुविखंडनाचा, म्हणजे अणूचं केंद्रक फुटण्याचा, अर्थ लावणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांची शिफारस ४० हून अधिक वेळा झाली, तरी अणुविखंडनासाठीचं १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या ऑटो हान यांना मिळालं. आपल्या हातात मांडणी असते, निकाल नसतो, हे मनाशी धरूनच मी प्रस्ताव पाठवला.

विभागप्रमुखांची सही लगेच मिळाली. पहिल्या वर्षी निवड झाली नाही. कारण विचारलं तेव्हा समितीच्या सचिवांनी सांगितलं, "काम उत्तम आहे, पण सगळी पत्रं एकाच विभागातली आहेत." मुद्दा रास्त होता. यंत्र आमच्या विभागात असलं तरी नमुने औषधनिर्माण आणि जैवतंत्रज्ञान विभागांतूनही येतात. पुढच्या वर्षी तिथल्या प्राध्यापकांची पत्रं घेतली आणि दोन पानांचा मजकूर नव्याने लिहिला. सुरुवात थेट तुटलेल्या नळीच्या नोंदीपासून केली, पदनाम आणि सेवेची वर्षं खाली नेली. या वेळी पुरस्कार मिळाला.

निकालाच्या दिवशी मॅडमनी मानपत्राचा मजकूर दोनदा वाचला. 'विद्यार्थ्यांना शिकवलं' हे शब्द त्यांना सगळ्यात जास्त आवडले. त्यांच्या पदाच्या कर्तव्यांच्या यादीत ते कुठेच नव्हतं. ते त्या यादीत यावं म्हणून आम्ही कुलसचिवांकडे अर्ज दिला आहे, कारण पदोन्नतीच्या वेळी मानपत्रापेक्षा ती यादी बघितली जाते. त्याचं उत्तर अजून यायचंय. दरम्यान काचकाम विभागातल्या एका सहकाऱ्यासाठी प्रस्ताव करायला घेतला आहे. त्यांच्याकडे नोंदवही नाही, म्हणून त्यांनी बनवलेल्या उपकरणांचे फोटो आणि ती वापरून निघालेल्या शोधनिबंधांची यादी गोळा करतोय.