पान ६७ ते ७४

दिवाळी अंकांच्या हंगामात नाशकातल्या आमच्या अंबडच्या छापखान्यात वाद होतात ते शुद्धलेखनावरून नाही, कागदाच्या उधारीवरून. अंकाच्या किमतीतून छपाई सुटत नाही. मलपृष्ठ आणि रंगीत पानं जाहिरातींना विकली गेली तरच संपादक आमचं बिल चुकतं करतात. वाचकांना हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालं तरी ते अंक वाचनालयातूनच आणणार.

यंदा एका अंकाचा पाचवा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावरची पान ६५ ते ८०, मशीनवर चढणार होता. त्यात ६७ ते ७४ एक कथा. निफाडकडचा द्राक्षबागायतदार, आणि मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी ट्रॅक्टर ओढून नेणारे पतसंस्थेचे वसुलीवाले. मी छापतो ते सगळं वाचत नाही; ही वाचली. जाताना वसुलीवाला बोनेटवरचा हार काढून बापाच्या हातात देतो, ते तर परत वाचलं.

तेवढ्यात संपादकांचा फोन, "मशीन थांबवा." मलपृष्ठ एका पतसंस्थेचं होतं, आणि यांनी हौसेनं कथेचं पीडीएफ अध्यक्षांना पाठवलेलं. कथेत ना संस्थेचं नाव, ना गावाचं. 'छापू नका' असं कुणी म्हणालंच नाही. व्यवस्थापक एवढंच बोलले, "साहेबांची सही राहिलीय, जाहिरातीची रिलीज ऑर्डर बघू पुढच्या आठवड्यात. कथा छान आहे हं."

कथा काढणं म्हणजे स्क्रीनवरून पुसणं, असं या मंडळींना वाटतं. फॉर्मात सोळा पानं, आठ पुढे, आठ मागे; प्रत्येक बाजूची छपाईची प्लेट वेगळी. घडी घातल्यावर क्रम लागावा म्हणून प्लेटवर ६७ च्या शेजारी ७८ बसतं, ६८ च्या शेजारी ७७. कथा दोन्ही प्लेटांवर विखुरलेली, म्हणजे दोन्ही बाद. वर आठ पानांचा मजकूर रातोरात हवा. वात्रटिका आल्या, चकलीची कृती आली, आणि एक पान त्याच पतसंस्थेच्या ठेव योजनेचं, फुकट. ते तर कुणी मागितलंही नव्हतं.

कलेक्टर जॅक्सनचा खून आमच्या नाशकातला, २१ डिसेंबर १९०९ चा. पुढच्याच वर्षी प्रेस अ‍ॅक्ट आला. नव्या छापखान्याकडून सरकार ५०० ते २,००० रुपये जामीन घेऊ शकत होतं. आक्षेपार्ह काही छापलं की रक्कम जप्त. पण त्या सरकारला निदान कलम दाखवावं लागायचं.

मी संपादकांना म्हणालो, "सर, ठेवा ना कथा."

"ठेवतो. कागदाचे पैसे मार्चमध्ये दिले तर चालेल?"

मी काही बोललो नाही. कागदवाला मला रोखीशिवाय रीम देत नाही.

लेखिका शिक्षिका आहेत. 'जागेअभावी पुढील अंकात' असा निरोप मिळाल्यावर त्या थेट छापखान्यातच आल्या. "दादा, पानं खरंच कमी पडली का?" बाद प्लेटा भिंतीला टेकवलेल्या होत्या. ऑफसेटची प्लेट सुलटी वाचता येते. त्यांनी आपलं शीर्षक वाचलं, मग शेजारचं ७८ नंबरचं पानही.

"वेगळी पुस्तिका काढली तर किती लागतील?"

आठ पानं, वर साधं कव्हर, सेंटर पिन. पाचशे प्रतींचा हिशेब मी मांडून दिला. खाली नेहमीसारखं लिहिलं: निम्मी रक्कम आगाऊ.