ऐकू आलं नाही, हेच लिही

शाळेच्या स्मरणिका समितीच्या पत्रात तीन गोष्टी मागितल्या होत्या: शाळेच्या आठवणी, सध्याचा हुद्दा आणि एक पासपोर्ट साइझ फोटो. शब्दमर्यादा आठशे. फोटो सोबत जोडला आहे, हुद्दा ओघात येईल, आणि शब्दमर्यादा मी पाळलेली नाही हे आधीच सांगून टाकतो. जिन्याखालची घंटा, मधल्या सुट्टीतला वडापाव, पावसाळ्यात गळणारा चित्रकलेचा वर्ग, यावर बाकीच्यांनी भरभरून लिहिलं असेलच. मला इतिहासाच्या बाईंबद्दल लिहायचं आहे. गणिताच्या सरांनी माझ्यावर कमी मेहनत घेतली नाही, पण त्यांच्यासाठी वेगळी स्मरणिका काढावी लागेल.

बाई म्हटलं की कोण, ते आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. निळ्या काठाची साडी, डाव्या हातात पुस्तक, आणि पुस्तकात बोट घातलेलं. ते बोट तासभर तिथंच असायचं, पुस्तक उघडलं जायचंच असं नाही. पोर्शन मात्र बाई जानेवारीपर्यंत चोख संपवायच्या. ‘कारणे द्या’ आणि ‘टिपा लिहा’सुद्धा लिहून द्यायच्या. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा काही पालकांची तक्रार होती की बाई पोरांना नुसत्या फिरवतात.

फिरवायच्या हे खरं. शिवडीच्या किल्ल्यावर नेलं, हाफकिन संस्थेच्या फाटकाशी उभं केलं, परळच्या बी.आय.टी. चाळीत नेलं. आमच्या वर्गातली चार मुलं त्याच चाळींत राहायची. त्यांना वाटायचं, आपल्या घरी बघण्यासारखं काय असणार? बाईंनी चौकात उभं राहून विचारलं, “बी.आय.टी. म्हणजे काय रे?” कुणालाच माहीत नव्हतं, राहणाऱ्यांनाही नाही. मग कळलं की १८९६ साली मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला, माणसं पटापट मेली, अर्धी मुंबई गावाला पळाली, आणि त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते, समुद्राचा वारा आत यावा म्हणून कापलेला प्रिन्सेस स्ट्रीट आणि या चाळी, सगळं त्या ट्रस्टचं काम. ह्याच परळच्या चाळीत डॉ. आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले होते, हे मात्र त्या चौघांना आधीपासून ठाऊक होतं, आणि त्या दिवशी त्यांनी ते आम्हाला सांगितलं. बाई गप्प राहून ऐकत होत्या.

कॉटन ग्रीन स्टेशनवर एकदा म्हणाल्या, “यात कॉटन दिसतं, ग्रीन कुठाय?” आम्ही रुळांकडे बघत बसलो. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे आला तेव्हा आपलं जुनं नावही सोबत घेऊन आला. तिथली हिरवळ काही आली नाही. शनिवारी शाळा सुटताना ठरलेला प्रश्न असायचा: “उद्या सुट्टी कुणामुळे?” आणि पन्नास पोरं एका सुरात ओरडायची, “नारायण मेघाजी लोखंडे!” गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांच्या खटपटीने. आमच्या पुस्तकात हे एका ओळीत होतं. पण ती ओळ दर आठवड्याला ओरडल्यावर आजही रविवारी सकाळी उशिरा उठताना मला लोखंडे आठवतात. बायकोला हा आळशीपणा वाटतो.

आता मुख्य गोष्ट. आम्ही नववीत, साल १९८८, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी बाईंनी गृहपाठ दिला. घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला गोदीच्या स्फोटाबद्दल विचारायचं आणि ते सांगतील तसं दोन फुलस्केपवर लिहून आणायचं. गोदीचा स्फोट पुस्तकात नव्हता. आपल्या भागात मात्र तो सगळ्यांना माहीत. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यांच्याच जोडीला कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. आता हे मी आकड्यांसकट सांगतोय. तेव्हा मला त्यातलं फक्त सोनं माहीत होतं.

माझे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. ८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. त्या संपात त्यांच्यासारखी अडीच लाख माणसं उतरली होती. तेव्हापासून ते गॅलरीत बाकड्यावर बसून असायचे. कमी ऐकू यायचं. मी गृहपाठासाठी विचारलं तर म्हणाले, “मी खंय होतंय थंय? माका काय एक ठावक नाय.” झालं. पंधरा दिवस सुट्टीत हुंदडलो आणि शाळेच्या आदल्या रात्री दोन फुलस्केप मनानेच लिहून काढले. आजोबा धक्क्यावरून चालले होते. कानठळ्या बसल्या. आकाशातून एक सोन्याची वीट येऊन त्यांच्या पायाशी पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे पोलिसांकडे नेऊन दिली. शेवटी प्रामाणिकपणावर चार ओळी टाकल्या. निबंध म्हणून उत्तम होता, अजूनही वाटतं.

वर्गात सगळ्यांचे कागद वाचले गेले. मशीद बंदरला वाढलेली एकीची आजी सांगत होती, स्फोट एकच झाला. डोंगरीवाल्या दुसऱ्याची आजी म्हणे दोन. बाईंनी फळ्यावर दोन रकाने केले आणि दोन्ही लिहिलं. कोण बरोबर ते सांगितलं नाही. “पहिल्या आवाजानंतर तुझी आजी कुठे होती ते विचारून ये,” एवढंच म्हणाल्या. मुलगी दुसऱ्या दिवशी सांगत आली की आजीला पहिल्या आवाजालाच चक्कर आली होती, शुद्धीवर आली ती संध्याकाळी. बी.आय.टी. चाळीतल्या मुलाच्या आजीला साल सांगता येत नव्हतं, पण दिवस पक्का: बाबासाहेबांची जयंती. बाई इतक्या खूश झाल्या की खडूच खाली पडला. वर्तमानपत्रांचं विचारलं तर म्हणाल्या, युद्धाचे दिवस होते, बातम्यांवर सेन्सॉर. बाहेरच्या देशांत वार्ताहरांना तपशील पाठवायला मे महिना उजाडला, त्याआधी जगाला बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. “म्हणून तुमच्या आज्या लागतात,” असं म्हणून त्यांनी पुढचा कागद उचलला. तो माझा होता.

बाईंनी तो पूर्ण वाचला. वर्गाने वीट पडते तिथे टाळ्या वाजवल्या. बाईंनी चष्मा काढला.

“आजोबा तेव्हा कोणत्या पाळीला होते रे?”

“दुसऱ्या,” मी बेधडक सांगितलं. कारण ते खरंच होतं, आणि जूनमध्ये ‘गिरणीचा भोंगा’ या निबंधात मीच लिहिलं होतं की आजोबांनी उमेदवारीची सगळी वर्षं दुसऱ्या पाळीत काढली, दुपारी साडेतीन ते रात्री बारा.

“स्फोट किती वाजता?”

“चार वाजून...” आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

वर्गाला काही कळलं नाही. बाईंनी कागद घडी करून पुस्तकात ठेवला आणि पुढच्या मुलाला उठवलं. छडी नाही, पालकांना चिठ्ठी नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, “चल, तुझ्या आजोबांना भेटू.” शाळेपासून आमच्या चाळीपर्यंतची ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. पुढे दाव्यांच्या सुनावण्यांत मोठमोठ्या वकिलांनी मला उभं-आडवं सोललं आहे, पण पोटात तसा गोळा पुन्हा आला नाही.

तिसरा मजला. बाई धापा टाकत आल्या. आजीची धांदल उडाली, आरामखुर्ची झटकली गेली, ठेवणीतले कप निघाले. बाईंनी विटेचा विषयच काढला नाही. आजोबांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, “आजोबा, गोदीत स्फोट झाला तेव्हा तुम्ही पाळीवर होता ना? मग काय ऐकलंत?”

आजोबा हसले. “बाई, माका काय एक ऐकाक येवक नाय.”

मी खाली बघितलं. हेच ते, मला आधीच सांगितलेलं, लिहिण्यासारखं काही नसलेलं. पण बाई पुढे सरकून बसल्या.

“का नाही आलं?”

“साचे चालू असले काय शेजारचो बोंबाल्लो तरी कळणा नाय.” आणि मग आजोबांनी हात वर करून दाखवलं. खात्यात कुणी तोंडाने बोलायचंच नाही. धागा तुटला, पाणी हवं, जॉबर (म्हणजे मुकादम) येतोय, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. त्यांनी एकेक खूण करून दाखवली आणि बाई ती करून बघत होत्या. त्या दिवशी छपरातून एकदम धूळ पडली, साच्यावरच्या पांढऱ्या कापडावर. जॉबर धावत आला आणि कापड खराब केलं म्हणून पैसे कापायची धमकी देऊन गेला. आजोबा अठरा वर्षांचे, नुकते लागलेले. रात्री बारापर्यंत त्यांना एकच काळजी होती, पैसे कापतात की काय. पाळी सुटून गेटाबाहेर आले तर गोदीच्या बाजूचं आकाश तांबडंलाल. मग कळलं.

“पैसे कापले?” बाईंनी विचारलं.

“नाय. सगळ्यांच्याच कापडार पडली होती धूळ.”

निघताना जिन्यात बाईंनी माझा कागद परत दिला. समासात लाल शाईने लिहिलं होतं: ‘ऐकू आलं नाही, हेच लिही.’ आणि तोंडी म्हणाल्या, “ते बोलले तसंच लिही. पुस्तकी करू नकोस.” मी लिहिलं. दोन फुलस्केप पुरले नाहीत. खुणांची चित्रंही काढली, अकरा खुणा. आजोबा पुढच्या पावसाळ्यात गेले. घरात त्यांचं दुसरं काही लिहिलेलं नाही.

दहावीला इतिहासात मला मार्क बेताचेच पडले, ते कुणी इथे खोदून काढू नये. आज मी विमा सर्व्हेअर आहे, आगीचे दावे बघतो. कारखान्याला, गोदामाला आग लागली की दुसऱ्या दिवशी राखेत उभा असतो तो मी. सव्वीस वर्षं झाली. समितीने हुद्दा विचारला म्हणून सांगतो, मोठ्या दाव्यांसाठी मला पार गुजरातपर्यंत बोलावतात. रखवालदार, हमाल, फोरमन, प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, तुम्ही त्या वेळी कोणत्या पाळीला होता? आणि ‘मला काही दिसलं नाही साहेब’ म्हणणाऱ्या माणसासमोर मी खुर्ची ओढून बसतो.

बाईंनी आमच्यासारख्या मुलांचे कागद वर्षानुवर्षं जिन्याजवळच्या कपाटात साठवले होते. प्लेगवर, संपावर, फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शब्द. इमारतीच्या दुरुस्तीत ते कपाट गेलं. रद्दीत किती गेलं, कुणी नेलं, आता विचारून उपयोग नाही. सांगणारी म्हातारी माणसंही गेली, गिरण्या गेल्या, आजोबांच्या गिरणीच्या जागी चाळीस मजल्यांचा टॉवर आहे आणि त्याच्या वॉचमनला तिथे काय होतं ते माहीत नाही. माझा कागद बचावला तो बाईंनी परत दिला होता म्हणून. तो लॅमिनेट करून ठेवला आहे. शाळेला प्रदर्शनात लावायचा असेल तर देईन, पण परत हवा.

बाई आता ८७ वर्षांच्या आहेत, डोंबिवलीला मुलीकडे असतात. त्यांनाही आता कमी ऐकू येतं. हा लेख पाठवण्याआधी मी रविवारी जाऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दोन चुका निघाल्या. साडीचे काठ निळे नव्हते, हिरवे होते. आणि आजीने कपात चहा नाही, कोकम सरबत दिलं होतं. मी म्हटलं, “बाई, ठेवणीतले कप मला नीट आठवतात.” बाई म्हणाल्या, “कप मलाही आठवतात. आत सरबत होतं.”

काठाचं मी मान्य केलं, पण वर निळेच राहू दिले आहेत, कारण मला अजूनही ते निळेच दिसतात. चहा-सरबताचं मात्र ठरलं नाही. संपादकांनी दोन्ही छापावं.

(दहावी ‘ब’, मार्च १९९०)